२५ अधिक ७५: ऑनलाइन गणिताच्या कोर्सचे नियम समजून घेताना

सप्टेंबर संपत आला की स्टाफरूमच्या दाराशी कुणीतरी येतं आणि विचारतं, "मॅडम, असाइनमेंटला पंचवीसपैकी चोवीस आहेत. परीक्षेत थोडे कमी पडले तरी चालेल ना? पास व्हायला चाळीसच लागतात."

मी फळ्यावर बेरीज मांडते. असाइनमेंटचे २४. परीक्षेत समजा ७५ पैकी २७ पडले. एकूण ५१. चाळीसच्या पुढे ११ गुण, तरीही प्रमाणपत्र नाही. समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि तोवर दुरुस्तीला फारसे दिवस उरलेले नसतात. म्हणून हा लेख सत्राच्या सुरुवातीला वाचावा अशी माझी इच्छा आहे. मी पदवीच्या वर्गाला गणित शिकवते आणि आमच्या महाविद्यालयात एनपीटीईएलचे गणिताचे कोर्स करणाऱ्या मुलामुलींची मेंटॉर म्हणून काम पाहते. इथले नियम इंग्रजीत एका लांब पानावर लिहिलेले असतात, मुलं ते वरवर वाचतात आणि ‘आय ॲग्री’वर टिक करतात. त्या पानाचा अर्थ काय, आणि गणिताच्या बाबतीत त्याचा खरा अर्थ काय, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी थोडी ओळख. एनपीटीईएल, ज्याला आपण सगळे ‘एनपीटेल’ म्हणतो, तो सात आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलेला ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम. त्या सातांमध्ये आपली पवईची आयआयटीही आहे. सुरुवातीला नुसती व्याख्यानांची चित्रणं होती. असाइनमेंट, परीक्षा आणि प्रमाणपत्र असलेले कोर्स २०१४ पासून आले. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. त्याच्या नऊ राष्ट्रीय समन्वयक संस्थांपैकी एक एनपीटीईएल. हे सांगण्याचं कारण असं की ‘स्वयम्’वरच्या सगळ्या कोर्सचे नियम एकसारखे नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या बाजूनं चालणाऱ्या कोर्समध्ये अंतर्गत गुणांना ३० आणि अंतिम परीक्षेला ७० असा हिशेब असतो. मी इथे बोलते आहे ते एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या गणिताच्या कोर्सबद्दल, म्हणजे लिनिअर अल्जेब्रा, रिअल ॲनालिसिस, प्रोबॅबिलिटी वगैरे. जुलैत आणि जानेवारीत, अशी वर्षातून दोन सत्रं असतात.

कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे. परीक्षेची नोंदणी ही निराळी गोष्ट आहे, निराळ्या मुदतीची आणि पैसे भरून करायची. गेली काही वर्षं एका परीक्षेला १००० रुपये पडत आले आहेत. तुमच्या सत्राचा आकडा आणि सवलती कोर्सच्या पानावर पाहूनच भरा. दर सत्राला एक-दोन जण तरी असे भेटतात की ज्यांनी बाराच्या बारा असाइनमेंट नेटानं दिल्या, पण कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं असं ते धरून चालले. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख निघून गेल्यावर मेंटॉरच्या हातात काही उरत नाही. अर्ज भरताना नाव आणि फोटो नीट तपासा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

आता गुणांकडे वळू. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. असाइनमेंटच्या पंचवीसपैकी किमान १० हवेत आणि परीक्षेच्या पंचाहत्तरपैकी किमान ३०. दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हायला हव्यात. एकीकडची कमाई दुसरीकडच्या तुटीला लावता येत नाही. नीट पाहिलं तर दोन्हींमध्ये मागणी सारखीच आहे, चाळीस टक्क्यांची. घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून, हवा तेवढा वेळ घेऊन चाळीस टक्के जमतं का? आणि परीक्षा केंद्रावर, एकट्यानं, तीन तासांत चाळीस टक्के जमतं का? कोर्स हे दोन वेगळे प्रश्न विचारतो आणि दोघांचं उत्तर ‘हो’ असावं असं म्हणतो.

याची उलटी बाजूही घडते. वर्गातला हुशार मुलगा म्हणतो, मला हे सगळं येतं, मी थेट परीक्षाच देईन. त्यानं तीनच असाइनमेंट दिल्या आणि तिन्हीत शंभरपैकी शंभर मिळवले असं समजा. गुण काढताना बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, न दिलेल्या ठिकाणी शून्य. म्हणजे ३०० भागिले ८, ३७.५ टक्के. त्याचे पंचवीसावर झाले ९.३७५. दहापेक्षा कमी. मग परीक्षेत त्यानं पंचाहत्तरपैकी पंचाहत्तर आणले तरी प्रमाणपत्र हुकलं.

त्या ‘सर्वोत्तम आठ’बद्दल मात्र थांबून बोलायला हवं, कारण गणितात सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात.

नियमाचा हेतू चांगला आहे. आजारपण येतं, घरात लग्न असतं, गणपती असतात, विद्यापीठाची अंतर्गत परीक्षा मध्येच येते. बारातले चार आठवडे बिघडले तरी गुणांचं नुकसान होऊ नये म्हणून ही सूट. याच सुटीमुळे मुदतवाढ मात्र कुणालाही मिळत नाही. ‘मॅडम, तुम्ही मेल करून बघा ना’ असं मुलं काकुळतीनं म्हणतात. मेल करून उपयोग नसतो, आणि मला तो नियम न्याय्य वाटतो. देशभरातून एका कोर्सला हजारो जण बसतात. प्रत्येकाची अडचण ऐकून कुणाची खरी आणि कुणाची नाही हे ठरवण्यापेक्षा सगळ्यांना चार आठवडे आधीच माफ करून टाकलेले बरे.

पण मुलं हिशेब करतात. पहिल्या आठ असाइनमेंट मन लावून देतात, सरासरी नव्वद पडते, पंचवीसपैकी साडेबावीस गुण पदरात पडतात, आणि नवव्या आठवड्यापासून कोर्स उघडणंच बंद होतं. असाइनमेंटच्या गुणांपुरता हा हिशेब बरोबर आहे. परीक्षा मात्र बाराही आठवड्यांवर असते. समजा शेवटच्या चार आठवड्यांवर पेपरचा एक तृतीयांश भाग आला. पेपर शंभर गुणांचा धरला (पंचाहत्तरातले ३० म्हणजे शंभरातले ४०), तर त्यातले ३३ गुण तुम्ही बसण्याआधीच सोडून दिलेत. उरलेल्या ६७ मधून किमान ४० मिळवायचे, म्हणजे नुसतं पास होण्यासाठी तुम्हाला साठ टक्क्यांची तयारी लागणार.

शिवाय हे गणित आहे. इतिहासाच्या कोर्समध्ये एक प्रकरण सुटलं तरी पुढचं वाचता येतं. लिनिअर अल्जेब्रात साधारण क्रम असा असतो: आधी समीकरणांच्या जोड्या, मग मॅट्रिक्स, मग व्हेक्टर स्पेस आणि बेसिस, मग लिनिअर ट्रान्स्फॉर्मेशन, आणि शेवटाकडे आयगेन व्हॅल्यू, डायगोनलायझेशन, इनर प्रॉडक्ट. आधीचे सात-आठ आठवडे ज्यासाठी खपले, ते सगळं फळाला येतं शेवटच्या चारांत. तिथे सोडणं म्हणजे नांगरणी, पेरणी, खुरपणी केली आणि काढणीला शेतात गेलोच नाही. आणि मधलं सोडलं तर आणखी वाईट: बेसिस म्हणजे काय ते चौथ्या आठवड्यात निसटलं असेल तर दहाव्या आठवड्यातलं व्याख्यान परक्या भाषेतलं वाटतं. चूक दहाव्या आठवड्यात शोधत बसतो, ती असते चौथ्यात. म्हणून माझ्या मुलांना मी सांगते, चार असाइनमेंटचे गुण सोडायला हरकत नाही, पण चार आठवडे सोडू नका. मुदत हुकली तरी ती असाइनमेंट वहीत सोडवा. मुदत संपल्यावर उत्तरं जाहीर होतातच. त्यांच्याशी ताडून पाहा.

आठवड्याला किती तास द्यायचे?

बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये साधारण ३० तासांची व्याख्यानं असतात. आठवड्याला अडीच तास. मुलं म्हणतात, रविवारी दुपारी एका बैठकीत होऊन जाईल. व्हिडिओ दीडपट वेगानं लावला तर पावणेदोन तासांतच.

पण कोर्स ३ क्रेडिटचा मानला जातो. क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं, पदवीत मोजलं जाणारं एकक. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे शिकणाऱ्याचे ३० तास धरले आहेत. तीन क्रेडिट म्हणजे ९० तास, भागिले १२ आठवडे, म्हणजे आठवड्याला साडेसात तास. त्यातले अडीच व्याख्यानाचे. उरलेले पाच तास कुठे जायला हवेत, हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नसतं, आणि ऑनलाइन कोर्सची सगळ्यात मोठी अपेक्षा तीच आहे. महाविद्यालयात तास सुरू झाल्याची घंटा होते, हजेरी होते, पंचाहत्तर टक्क्यांची अट असते. इथे व्हिडिओ पाहिला की नाही याची हजेरी कुणी घेत नाही. आठवड्याची मुदत हीच काय ती घंटा.

ते पाच तास वहीवर जायला हवेत. एक उदाहरण घेऊन दाखवते.

प्राध्यापक पडद्यावर एक लहान मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, लिहितात. वरच्या ओळीत २ आणि १, खालच्या ओळीत १ आणि २. म्हणतात, याच्या आयगेन व्हॅल्यू काढू. आयगेन व्हॅल्यू म्हणजे काय? मॅट्रिक्सनं एखाद्या व्हेक्टरला, म्हणजे दिशा आणि लांबी असलेल्या बाणाला, गुणलं की बहुतेक वेळा त्याची दिशा बदलते. काही मोजके व्हेक्टर असे असतात की ते आपली रेघ सोडत नाहीत, फक्त लांब किंवा आखूड होतात, फार तर उलटे फिरतात. किती पट लांब झाले, तो आकडा म्हणजे आयगेन व्हॅल्यू. आता इथे व्हिडिओ थांबवा. खरंच थांबवा. वही घ्या. आयगेन व्हॅल्यूला लॅम्डा म्हणू. कर्णावरच्या दोन्ही २ मधून लॅम्डा वजा करा, निश्चयक शून्य माना: (२ वजा लॅम्डा) याचा वर्ग, वजा १, बरोबर ०. म्हणून लॅम्डा ३ किंवा १.

पुढे जाऊन प्राध्यापकांचं उत्तर पाहण्याआधी स्वतः तपासता येतं का? येतं. (१, १) हा व्हेक्टर घ्या, मॅट्रिक्सनं गुणा, (३, ३) मिळतो. तीच दिशा, तिप्पट लांबी. (१, वजा १) घेतला तर तो जसाच्या तसा राहतो, म्हणजे एक पट. आणखी एक ताळा: दोन आयगेन व्हॅल्यूंची बेरीज ४, कर्णावरच्या आकड्यांची बेरीजही २ अधिक २, म्हणजे ४. गुणाकार ३, आणि मॅट्रिक्सचा निश्चयक २ गुणिले २ वजा १ गुणिले १, म्हणजे ३.

व्हिडिओत हे सगळं तीन मिनिटांत संपतं आणि बघताना फार सोपं वाटतं. प्राध्यापक चांगले असले की जास्तच सोपं वाटतं. ‘कळलं’ आणि ‘येतं’ यांतलं अंतर वहीशिवाय दिसत नाही. माझ्या अनुभवात गणिताच्या एका तासाच्या व्याख्यानामागे दोन तास वही लागते, म्हणजे अडीच तासांना पाच. आराखड्यातला आकडा आणि वहीचा अनुभव इतके जुळतात, याचं मला पहिल्यांदा आकडेमोड केली तेव्हा नवल वाटलं होतं.

ताळा करण्याची ही सवय आणखी एका नियमामुळे कामाची ठरते. असाइनमेंट मुदतीपर्यंत कितीही वेळा सबमिट करता येते आणि शेवटचं सबमिशन धरलं जातं. पण उत्तर बरोबर की चूक हे मुदत संपेपर्यंत कळत नाही. म्हणजे पुन्हा देण्याची संधी आहे, पण काय सुधारायचं ते तुम्हालाच शोधायचं आहे. ज्याला ताळा येतो त्यालाच या सवलतीचा उपयोग.

याच नियमाचा दुसरा उपयोग व्यावहारिक आहे. मुदत बहुधा बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत असते. बुधवारी रात्री अकरा वाजता लाईट जाते, मोबाइलचा डेटा संपतो, पान उघडत नाही. म्हणून रविवारी जेवढं सुटलं असेल तेवढं एकदा सबमिट करून टाका, मग सोमवार-मंगळवार राहिलेल्या प्रश्नांवर बसा आणि पुन्हा सबमिट करा. एक काळजी घ्या: शेवटचं सबमिशनच मोजतात, तेव्हा दुसऱ्यांदा देताना आधीची उत्तरं भरलेली आहेत ना ते पाहा. आणि संख्या टाइप करायचे प्रश्न नीट वाचा. दोन दशांश स्थळांपर्यंत मागितलं असेल तर १/३ असं लिहून चालत नाही, ०.३३ लिहावं लागतं. एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेले प्रश्नही असतात. पहिला बरोबर पर्याय दिसला की पुढचे न वाचता जाणारी मुलं तिथे गुण घालवतात.

भाषेबद्दल दोन शब्द, कारण आमच्याकडची निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. व्याख्यानं इंग्रजीत, असाइनमेंट बहुतेक इंग्रजीत. काही कोर्सची मराठी रूपांतरं एनपीटीईएलनं करून घेतली आहेत, ती मिळाली तर जरूर वापरा. पण त्याआधी एक लक्षात घ्या, यातलं बरंच तुम्हाला तुमच्या भाषेत आधीपासून येतं. दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. ‘लिनिअर’ म्हणजे तेच ‘रेषीय’. क्रेमरच्या पद्धतीत जो निश्चयक काढलात तोच इथला ‘डिटरमिनंट’. ‘प्रोबॅबिलिटी’ म्हणजे पाचव्या प्रकरणातली संभाव्यता. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडा, एकात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी शब्द आणि त्याखाली एक उदाहरण. माझी एक विद्यार्थिनी पहिले तीन आठवडे फक्त या पानावर तगून होती. चौथ्या आठवड्यात ती पान उघडायची विसरू लागली.

स्वतःचं काम म्हणजे नक्की काय?

असाइनमेंट देताना एक प्रतिज्ञावजा ओळ मान्य करावी लागते: हे काम माझं स्वतःचं आहे, मी उत्तरं दुसऱ्याला देणार नाही, दुसऱ्याची घेणार नाही. या नियमाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण तो सगळ्यात जास्त मोडला जातो आणि मोडणारी मुलं वाईट नसतात.

असाइनमेंट उघडून दोन दिवस होत नाहीत तोवर यूट्यूबवर आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर तिची उत्तरं येतात. पहिल्याचं क आणि ड, दुसऱ्याचं ब, तिसऱ्याचं १.५. मुलं ती भरतात. पंचवीसपैकी चोवीस पडतात. पुढे काय होतं ते लेखाच्या सुरुवातीला सांगितलंच आहे. चोवीसचा आकडा पाहून मुलाला वाटतं आपली तयारी झाली. आईवडिलांना वाटतं झाली. कधीकधी मेंटॉरलाही वाटतं. परीक्षेच्या खोलीत पहिला खरा आकडा समोर येतो, आणि तो पाहायला बारा आठवडे उशीर झालेला असतो. असाइनमेंटचे पंचवीस गुण हे तुम्हाला दर आठवड्याला आरसा दाखवण्यासाठी आहेत. त्या आरशावर दुसऱ्याचा फोटो चिकटवला तर आपला चेहरा कधी दिसणार?

म्हणून मला ६२ टक्के असाइनमेंटची मुलगी ९६ टक्केवाल्या मुलापेक्षा जास्त आश्वासक वाटते, जर तिचे ६२ तिचे असतील तर. तिचा हिशेब मांडू. ६२ टक्के म्हणजे पंचवीसपैकी साडेपंधरा. चुका कुठे झाल्या ते तिला माहीत आहे, परीक्षेआधी तिनं तेवढेच विषय पक्के केले आणि शंभरपैकी ५६ आणले, म्हणजे पंचाहत्तरपैकी ४२. एकूण साडेसत्तावन्न. दोन्ही अटी पूर्ण, प्रमाणपत्र हातात. साठला पोचली असती तर त्यावर ‘एलिट’ असा शेरा आला असता. ७५ पासून पुढे त्याला रौप्य आणि ९० पासून सुवर्ण जोडतात.

आता कठीण प्रश्न. मैत्रिणीबरोबर बसून अभ्यास केला तर ते नियम मोडणं आहे का? चॅटबॉटला विचारलं तर? माझी कसोटी साधी आहे. मदत घेऊन झाल्यावर वही मिटा, अर्धा तास दुसरं काही करा, मग कोऱ्या पानावर तोच प्रश्न पहिल्यापासून सोडवा. सुटला तर मदतीतून तुम्ही शिकलात. नाही सुटला तर ते उत्तर तुमचं नाही, भरू नका. चॅटबॉटच्या बाबतीत आणखी सावध राहा. तो असाइनमेंटचाच प्रश्न सोडवून देतो तेव्हा तुमचं काम त्यानं केलेलं असतं, आणि पायऱ्या कितीही सुबक दिसल्या तरी मधेच चिन्हाची चूक करून तो आत्मविश्वासानं पुढे निघून जाऊ शकतो. संकल्पना विचारा, दुसरं उदाहरण मागा, असाइनमेंटचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवू नका. आणि त्यानं दिलेल्या उदाहरणाचाही वर केला तसा ताळा करा.

कोर्समध्ये शंका विचारण्यासाठी चर्चेची जागा असते. मुदत संपण्याआधी तिथे असाइनमेंटची उत्तरं लिहायची नाहीत. पण मुलं या नियमाला इतकी घाबरतात की काहीच विचारत नाहीत. विचारा, फक्त नीट विचारा. ‘सर, मला पाचवा आठवडा समजला नाही’ या वाक्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. त्याऐवजी: अमुक व्याख्यानात, अकराव्या मिनिटाला, तुम्ही हे तीन व्हेक्टर स्वतंत्र आहेत असं म्हणालात, मी (१, ०, १), (०, १, १) आणि (१, १, २) हे घेऊन पाहिले तर पहिल्या दोनांची बेरीज तिसरा येते, मग हे स्वतंत्र नाहीत असं म्हणायचं का? या प्रश्नात तुम्ही कुठवर पोचलात ते दिसतं. उत्तर देणाऱ्याला दोन ओळी पुरतात. बऱ्याचदा असा प्रश्न लिहिता लिहिता उत्तर सापडतं आणि पाठवावा लागत नाही.

परीक्षेबद्दल थोडक्यात. ती घरून देता येत नाही. ठरवून दिलेल्या केंद्रावर, संगणकावर, देखरेखीखाली, तीन तासांची असते. हॉल तिकीट आणि मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालेल अशा भरवशावर जाऊ नका. केंद्र शहरात असतं. तालुक्याच्या गावाहून सकाळी नऊच्या परीक्षेला पोचायचं तर आदल्या दिवशी एसटीनं निघून नातेवाइकांकडे मुक्काम करावा लागतो. दिवाळीच्या आगेमागे तारीख आली तर गाड्यांना गर्दी. हे सगळं अर्ज भरताना, केंद्र निवडतानाच घरी बोलून ठेवा. विद्यापीठाची सत्र परीक्षा त्याच आठवड्यात आहे का तेही पाहा.

आणि क्रेडिट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत ‘स्वयम्’वरून २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा होती, २०२१ च्या नियमांनी ती ४० टक्क्यांवर नेली. ही वरची मर्यादा आहे. तुम्ही निवडलेला कोर्स तुमच्या पदवीला जोडला जाईल की नाही हे तुमच्या संस्थेनं मान्य केलेल्या यादीवर ठरतं. प्रमाणपत्र हातात आल्यावर परीक्षा विभागात विचारायला जाणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. कोर्सला नाव घालण्याआधी विभागप्रमुखांना भेटा, कोर्सचं नाव आणि आठवडे सांगा, मान्यता लेखी घ्या, आणि मिळवलेली क्रेडिट जिथे जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं उघडलेलं आहे ना ते बघा.

शेवटी ज्या असाइनमेंटला गुणच नाहीत तिच्याबद्दल, कारण जवळजवळ सगळे तिला वगळतात. कोर्स सुरू व्हायच्या सुमारास ‘असाइनमेंट शून्य’ उघडते. तिचे गुण कुठेही धरत नाहीत. पुढे काय लागणार आहे, तुमच्याकडे काय आहे, हे चाचपण्यासाठी ती असते: समीकरणं सोडवणं, फंक्शन, थोडं डेरिव्हेटिव्ह, बारावीचे मॅट्रिक्स. माझ्या मुलांना मी ती कागदावर, मोबाइल बाजूला ठेवून, एका तासात सोडवायला लावते. दहापैकी चार आले तर मी त्यांना कोर्स सोडायला सांगत नाही. न सुटलेले सहा प्रश्न घेऊन सोमवारी शेवटच्या तासानंतर या म्हणते. तेव्हा पहिल्या मुदतीला दहा-बारा दिवस असतात. सहा प्रश्नांना तेवढे दिवस पुरतात.